चमक लावलेला वाटा

नारायणगावच्या दुकानदारानं बाटली हातात देण्याआधी विचारलं, "काका, गाडी विकायचीय का?"

मी म्हटलं, नाही.

"मंग एवढ्या जुन्या गाडीला हे कशाला मारताय, राव?"

त्याला काय सांगणार? "तू बाटली दे," म्हटलं. माझं बोलणं मुळात तिरसट. बायको म्हणते, तुमच्या तोंडून गोड शब्द काढायचा तर गुऱ्हाळ लावावं लागेल. चाळीसेक वर्षांच्या संसारात ते गुऱ्हाळ तिनं लावून पाहिलं आणि सोडून दिलं.

बाटली स्प्रेची होती. सिरॅमिक वॅक्स. गाडीवर फवारायचं आणि मऊ फडक्यानं पुसायचं की गाडी आरशासारखी होते, पाणी टिकत नाही, धूळ बसत नाही, उन्हानं रंग उडत नाही, असं त्या बाटलीचं म्हणणं. मला फवारणी ठाऊक होती ती टोमॅटोवरची, पाठीवर पंप घेऊन. गाडीवर फवारतात हे मला आमच्या लेकीनं मोबाइलवर दाखवलेल्या व्हिडिओत कळलं. त्यात एक हिंदी बोलणारा माणूस धुळकट बॉनेटवरून एकदाच फडकं फिरवायचा आणि खालून नवीन गाडी निघायची. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. कारण आमची वाटणी दोन दिवसांवर आली होती, आणि आमची गाडी त्या व्हिडिओतल्या आधीच्या गाडीपेक्षाही वाईट दिसत होती.

आम्ही दोघंच भाऊ. मी थोरला, जुन्नरला सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला, राहायला गावीच. धाकटा बरीच वर्षं मंचरजवळ कळंबला, डेअरीवर कामाला. वडील आधीच गेले होते, आईचं वर्षश्राद्ध झालं, आणि धाकटाच म्हणाला, "दादा, आता वाटून टाकू. आपण हायेत तवर हसतखेळत व्हईल. पोरांच्या डोक्याला ताप नको." मला ते पटलं. भांडण नव्हतं, कुरबूर नव्हती. उलट गावात लोक म्हणायचे, वाटणी करावी तर यांच्यासारखी. घराच्या खोल्या कधीच ठरलेल्या होत्या, दोन त्याच्या, दोन माझ्या. राहिलं होतं रान आणि गाडी.

आमच्याकडे रीत अशी की वाटे थोरल्यानं घालायचे आणि उचलायचा मान धाकट्याचा. म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही. एक वाटा जड घातला तर धाकटा तोच उचलून नेईल आणि थोरला हात चोळत बसेल. पंच म्हणून मामा बसतात, समोर पाटावर दोन नारळ ठेवतात, कुठल्या नारळामागे काय आहे ते मोठ्यानं सांगतात, आणि धाकटा एक उचलतो. आणखी एक रीत आहे, ती महत्त्वाची. वाटे घालणाऱ्यानं नारळ उचलला जाईपर्यंत वाट्यांबद्दल तोंड उघडायचं नाही. हा घे, तो घेऊ नको, असं सुचवायचंसुद्धा नाही. वडिलांच्या आणि चुलत्यांच्या वाटणीत चुलते जेवतानादेखील एक शब्द बोलले नव्हते, हे मी लहानपणी डोळ्यांनी बघितलेलं.

आता गाडीचं सांगतो. टोमॅटोनं एका साली साथ दिली तेव्हा वडिलांनी ती घेतली. गडद निळी. मला गाडीचं वेड कधीच नव्हतं. मी चालवतो ती बैलगाडीच्या बेतानं, मागचे हॉर्न वाजवून थकतात. पण धाकट्याचा जीव त्या गाडीत. कळंबहून दर रविवारी मोटारसायकलवर यायचा तो आईला भेटायला, असं आई समजायची. खरं तर आधी गाडीला भेटायचा. बादली भरून घ्यायचा, बाही वर करायचा, चाकांच्या खाचांतला चिखल काडीनं काढायचा. त्या गाडीत कुणी चिखलाच्या पायानं बसलं की त्याचा चेहरा उतरायचा, मग तो पाहुणा असो की सासरा. आई दवाखान्यात जायला लागली तेव्हा तोच तिला घेऊन जायचा, मागच्या सीटवर उशी लावून, खड्डा आला की "आई, धर गं" म्हणत. आई गेल्यावर त्याचं रविवारचं येणं कमी झालं आणि गाडी शेडबाहेर उन्हात पडून राहिली. टपावरचा रंग पांढरट पडला. बॉनेटवर चिंचेचा चीक आणि पाखरांची घाण वाळून बसली.

मी वाटे घातले ते असे. एका नारळामागे विहिरीकडचं रान. दुसऱ्यामागे रस्त्याकडचं रान आणि गाडी. क्षेत्र दोन्हीकडे सारखंच. विहिरीकडची माती काळी, पण रस्त्याकडच्या रानाला आज ना उद्या भाव आहे, तिथं माणूस घर बांधू शकतो, दुकान टाकू शकतो. माझ्या मनात हा दुसरा वाटा धाकट्याचा होता. गाडी त्यात टाकली ती त्याच्यासाठीच. गाडी बघितली की तो डोळे झाकून तोच नारळ उचलेल, याची मला खात्री होती. फक्त एक गोष्ट मनाला लागली. ज्या गाडीला त्यानं एवढं जपलं, ती मी अशा अवकळेत त्याच्या हातात द्यायची?

बायको म्हणाली, "सरळ सांगून टाका की त्यांना, गाडी तुमाला ठेवलीय म्हणून."

"वाटे घालणाऱ्यानं बोलायचं नसतं."

"मंग तुमच्याऐवजी गाडी बोलणार हाय व्हय?"

मी तिला गप्प बस म्हटलं. पण खरं तेच होतं. गाडीनंच बोलावं अशी माझी इच्छा होती.

सकाळी सकाळी गाडी धुवायला घेतली. आधी चीक भिजवून काढला, मग शाम्पूनं धुतली, मग कोरडी केली. तोवर ऊन चढलं. मी तसाच उन्हात बॉनेटवर फवारा मारला. मारला तो टोमॅटोवर मारतात तसा, सढळ हातानं, पानाखालीसुद्धा जाईल असा. पुसायला फडकं लावेपर्यंत ते वाळलं आणि बॉनेटवर गायीनं जीभ फिरवावी तसे पांढरे पट्टे उठले. घासलं तर ते आणखी पसरले. मी बाटली भिरकावणार होतो. बायकोनं ती माझ्या हातातून घेतली, डोळे बारीक करून मागचं बारीक छापलेलं वाचलं आणि म्हणाली, "सावलीत करायचं लिवलंय. आन् थोडं थोडं. गाडी थंड पायजे."

गाडी शेडमध्ये ढकलली. पत्रा गार होऊ दिला. ओल्या फडक्यानं पट्टे काढले आणि पुन्हा सुरुवात केली, आता एकेक भाग घेऊन. एका दाराला दोनच फवारे, फडक्यानं सगळीकडे पसरवायचं, आणि लगेच कोरड्या फडक्यानं हलक्या हातानं पुसून काढायचं. मी पसरवायचो, बायको मागून पुसायची. जिथं रंगच उडाला होता तिथं काही होत नव्हतं, टपावरचा पांढरेपणा तसाच राहिला. पण दारं उजळली. बॉनेटमध्ये शेडबाहेरच्या चिंचेच्या फांद्या दिसायला लागल्या. बायकोनं त्यात आपलं तोंड बघितलं, पदर सारखा केला आणि हसली. दुपारनंतर मी तांब्याभर पाणी टाकून बघितलं तर पाण्याचे मणी मणी झाले आणि घरंगळून खाली गेले. मला एवढा आनंद झाला की मी आणखी एक तांब्या ओतला. त्या दिवशी मी जितका सुखी होतो तितका पुढं कधी झालो नाही.

वाटणीच्या सकाळी मामा बेल्ह्याहून आले. बैलबाजारात दलाली करण्यात मामांचा जन्म गेला. आता वय झालं, पण बाजाराच्या दिवशी अजून घरी थांबत नाहीत. ते येऊन चहाला बसले तोवर धाकटा आणि भावजय मोटारसायकलवर आले. मी गाडी मुद्दाम अंगणात, फाटकासमोर काढून ठेवली होती. धाकट्यानं मोटारसायकल लावली आणि तो जागीच उभा राहिला. मग हळूहळू गाडीकडे गेला. दारावरून बोटं फिरवली. मला वाटलं, आता हसेल.

तेवढ्यात ओट्यावरून मामा ओरडले, "काय भाचे, बैल बाजाराला काढलाय व्हय? शिंगं तासून, तेल लावून लई नटवलाय!"

सगळे हसले. मीही हसलो. मामांचं बोलणं नेहमी तसंच, त्यात काही नव्हतं. पण बेल्ह्याच्या बाजारात बैलाला कधी नटवतात हे आम्हा दोघा भावांना मामांनीच शिकवलेलं. लहानपणी बाजारात घेऊन जायचे आणि कानात सांगायचे, ज्या बैलाच्या शिंगाला जास्ती तेल, त्याचे पाय आधी बघा.

धाकट्यानं विचारलं, "कधी केलंस हे, दादा?"

"काल."

"आजच्यासाठी?"

"हो," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार? तोंड उघडायचं नव्हतं. माझ्या एका "हो"मध्ये सगळं आहे असं मला वाटलं.

तो मग गाडीभोवती फिरला नाही. आत येऊन मांडी घालून बसला. मामांनी पाटावर नारळ ठेवले, हळदकुंकू लावलं, वाटे सांगितले. "ह्या नारळामागं विहिरीकडचं रान. ह्या नारळामागं रस्त्याकडचं रान आन् गाडी. थोरल्यानं घातलेत, धाकट्यानं उचलायचं." धाकटा माझ्याकडे बघत होता. मी रीतीप्रमाणे खाली बघत होतो, सतरंजीकडे. त्यानं हात पुढं केला तेव्हा मी मनात म्हटलं, घे बाबा, घे.

त्यानं विहिरीकडचा नारळ उचलला.

मामा "बरं झालं, बरं झालं" म्हणाले. बायकांनी पानं मांडली. पुरणपोळी होती, कटाची आमटी होती, आई असती तर धाकट्यानं आमटीच्या वाट्यांवर वाट्या रिचवल्या असत्या. त्या दिवशी त्यानं पोळीचे चार तुकडे केले आणि दोन पानात ठेवले. मला कळतच नव्हतं की असं का झालं. वाटलं, विहिरीकडच्या काळ्या मातीवर त्याचं मन असेल. तसं असेल तर चांगलंच आहे. मग त्याचा चेहरा असा का?

जाताना फाटकापाशी मी त्याला गाठलं. म्हटलं, "गाडी तुला नको होती?"

तो म्हणाला, "दादा, रस्त्याचं मला सांगायचंस. एवढंच."

"कुठल्या रस्त्याचं?"

"तू कचेरीत व्हतास. रस्ता रुंद व्हणार आसंल, रान त्यात जाणार आसंल, तुला आधी कळतं. मला सांगितलं आसतंस तर मी आपणहून ते रान घेतलं आसतं. तुझ्यासाठी घेतलं आसतं. पण तू त्याला झूल घातलीस. मला गाडीचं वेड हाय हे तुला ठावं, म्हणून तिला तेल लावून दारात बांधलीस."

मला रस्त्याचं काहीही कळलेलं नव्हतं. कचेरी सोडून वर्षं झाली होती, आणि कचेरीत असतानाही मला कुणी आतलं सांगत नव्हतं, मी आवक-जावकवाला माणूस. एवढं सांगितलं असतं तर झालं असतं. गाडी तुझ्यासाठीच घासली रे, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. कालपासून घासून घासून माझे खांदे भरून आले होते, आणि हा मला दलाल म्हणत होता. मी म्हटलं, "मी काय बाजार मांडलाय का? उचललंस ना? मग नीघ."

भावजयीनं माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि मोटारसायकलवर बसली. ते गेले.

दिवाळीला तो आला नाही. डेअरीला सुट्टी नाही असा निरोप आला. विहिरीकडचं रान त्यानं गावातल्याच एकाला कसायला दिलं. रान बघायला यायचा तेव्हा मागच्या बांधानं यायचा आणि तसाच परत जायचा. त्याच्या दोन खोल्यांना कुलूप लागलं. मी कुणाला काही सांगितलं नाही, पण मला त्या घरात करमेना. तो बारीक असताना त्याला खांद्यावर घेऊन मी ओढा ओलांडलाय, शाळेत त्याला मारणाऱ्या पोराचा शर्ट फाडलाय. त्या भावानं मला लबाड समजावं, याचं मला रोज सकाळी उठल्यावर नव्यानं वाईट वाटायचं. आणि अंगणात ती गाडी. पाऊस पडला की पाणी तिच्यावरून मणी होऊन निघून जायचं. बाटलीनं आपलं काम चोख केलं होतं. मी तिच्यावर ताडपत्री टाकली.

रस्त्याचं म्हणाल तर काही झालं नाही. रुंदीकरण नाही, मोजणी नाही, खुणेचे दगड नाहीत. रान जिथं होतं तिथं आहे. मला वाटलं, आता तरी त्याला कळेल. पण जे झालं नाही ते कळायला माणसाला वेळ लागतो, आणि कधीकधी तो त्या बाजूला बघतच नाही.

शेवटी मीच गेलो. बायकोला सांगितलं, मंचरला काम आहे. ताडपत्री काढली, गाडी धुतली आणि माझ्या बेतानं चालवत कळंबला पोचलो. मनाशी ठरवलं होतं की किल्ली त्याच्या हातात द्यायची, आणि तोंडातून तिरसट शब्द निघू द्यायचा नाही. वाटभर मी वाक्य जुळवत होतो.

तो घरीच होता. मला बघून उठला, खुर्ची पुढं केली, तिच्यावरची धूळ टॉवेलनं झटकली. पाणी दिलं. भावजय आतून पोहे घेऊन आली, मग चहा, कपबशीत. आमच्या घरात आम्ही भाऊ चहा कधी कपबशीत प्यालो नाही, ती पाहुण्यांची. पाऊसपाणी कसंय, वहिनींच्या गुडघ्याचं कसंय, असं सगळं त्यानं विचारलं, आणि मी उत्तरं दिली.

मग मी किल्ली काढून त्याच्यापुढं धरली. "ही घे. मी ती तुझ्यासाठीच चकचकीत केली होती. तूच ती उचलावीस म्हणून. मला रस्त्याचं काही ठाऊक नव्हतं रे, आईची शपथ."

तो किल्लीकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरलेले मला दिसले, ते खोटं नाही. मला वाटलं, आता घेईल.

"आसंल, दादा," तो म्हणाला. "पण वाटणी झाली ती झाली. उचललेला नारळ परत ठेवत नसतात."

"आसंल" म्हणाला तो. खोटं बोलतोस असं म्हणाला असता तर मी भांडलो असतो, हात धरून बाहेर ओढलं असतं, गाडीवर नेऊन आदळलं असतं आणि दोघं रडलो असतो. "आसंल"ला काय करायचं? मी किल्ली खिशात ठेवली.

निघायला उठलो तर तो म्हणाला, "थांब जरा." आत गेला. भावजयीशी हळू काहीतरी बोलला. ती कुंकवाची कुयरी घेऊन आली, आणि तो टॉवेल-टोपी घेऊन आला, घडीही न मोडलेली. घरी आलेल्या सोयऱ्याला, व्याह्याला, दुरून आलेल्या पाहुण्याला निघताना जे देतात ते. भावाला कुणी टॉवेल-टोपी देत नाही. भाऊ असा निघून जात नसतो, त्याला निरोप द्यायचा नसतो. त्यानं मला कुंकू लावलं, टॉवेल खांद्यावर टाकला, आणि टोपी दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावर ठेवून नीट बसवली. त्यानं ते सगळं मायेनं केलं, आणि त्या मायेनंच मी मेलो. मग तो माझ्या पाया पडला.

परत येताना मला रस्ता दिसेना. गाडी बाजूला घेऊन मी रडलो. लोक मोटारसायकलवरून जाताना वळून बघत होते, टोपी घातलेला म्हातारा चकचकीत गाडीत बसून का रडतोय म्हणून.

घरी आलो तेव्हा बायको भाजी निवडत होती. तिनं टोपी बघितली, कपाळावरचं कुंकू बघितलं.

"मंचरला काम व्हतं ना? कुणी दिली टॉवेल-टोपी? कुणा पावण्यांकडं गेलता?"

"कळंबला," मी म्हटलं.

तिनं हातातली भाजी खाली ठेवली.